पहूरला मुक्काम करायचा तर

जळगावहून अजिंठ्याकडे निघालेला प्रवासी पहूरला उतरलाच तर चहापुरता उतरतो. फाट्यावर एस.टी. थांबते, भज्यांचा घाणा दिसतो, केळीवाला खिडकीशी येतो आणि गाडी पुढं निघते. या गावात रात्र काढावी असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. ज्यांच्या मनात येतं त्यांना खोली कुठं आणि कशी शोधायची हे सांगणारं कुणी भेटत नाही. प्रवासाच्या पुस्तकांत जळगाव असतं, फर्दापूर असतं; मधलं पहूर नसतं. म्हणून हा लेख. पहूरला आणि पहूरच्या आसपास राहावं का, कुणी राहावं, कुणी मुळीच राहू नये, आणि राहायचं ठरलं तर सोय कशी लावावी, एवढंच यात आहे.

आधी गाव पक्कं करून घ्या. पहूर नावाची गावं विदर्भातही आहेत. शेगावजवळचं पहूरजिरा तर फोनच्या नकाशात हमखास आडवं येतं. आपलं पहूर जळगाव जिल्ह्यातलं, जामनेर तालुक्यातलं, वाघूर नदीकाठचं. नकाशात शोधताना नावाच्या जोडीला ‘तालुका जामनेर’ टाकलंत की चूक होत नाही. गावाचे पेठ आणि कसबे असे दोन भाग आहेत, दोन्हींच्या ग्रामपंचायतीही वेगळ्या. कुणी पत्ता दिला तर पेठ की कसबे, एवढं तिथल्या तिथं विचारून घ्या. नाहीतर सामान घेऊन पूल ओलांडण्याची पाळी येते.

इथं यायला अवघड काही नाही. जळगाव हे मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचं मोठं स्टेशन. मुंबईकडून, नागपूरकडून आणि सुरतेकडूनही गाड्या येतात. तिथून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या एस.टी. नेरीवरून पहूरला येतात. अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. संभाजीनगरहून आलात तर सिल्लोड, अजिंठा गाव, घाट आणि फर्दापूर करत सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. पाचोऱ्याहून शेंदुर्णीमार्गे आणि जामनेरहूनही रस्ते इथंच येऊन मिळतात. पहूरचं खरं भांडवल ही चौफुली आहे. महिलांना एस.टी.त निम्मं तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आहे, तेव्हा ओळखपत्र वरच्या खिशात ठेवा. शेवटची गाडी किती वाजता, हे मात्र स्टँडवरच्या चौकशी खिडकीत सकाळीच विचारावं. संध्याकाळनंतर काळीपिवळीचा भरवसा धरू नये.

आता या गावाचं महत्त्व कशात आहे ते सांगतो, कारण खोली कुठं घ्यायची याचं उत्तर त्यातच आहे.

पहूरहून दक्षिणेला निघालं की वाकोद लागतं आणि वाकोदच्या पुढं फर्दापूर. या दोन गावांच्या मधे जिल्हा बदलतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, खानदेशाची हद्द अजिंठ्याच्या डोंगरावर असेल; घाट चढला की मराठवाडा. तसं नाही. हद्द घाटाखाली, सपाटीवरच आहे. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. पण डोंगराच्या पायथ्याचा फर्दापूर-सोयगावचा पट्टा हैदराबादच्या निजामाकडे राहिला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत पहूरचा माणूस फर्दापूरला गेला की तो दुसऱ्या राज्यात गेलेला असे. तिथं सिक्का वेगळा, ‘हाली’. मालावरची जकात वेगळी, तिला करोडगिरी म्हणत. कचेरीची भाषा वेगळी. अजिंठ्याची लेणी याच कारणानं निजामाच्या पुरातत्त्व खात्याकडे होती आणि भित्तिचित्रांच्या डागडुजीसाठी इटलीहून तज्ज्ञ आणले ते निजाम सरकारनं, १९२० च्या सुमारास.

राज्यं गेली, तरी हद्दीचा ठसा पुसलेला नाही. पहूर नाशिक विभागात, फर्दापूर संभाजीनगर विभागात. पहूरच्या चौकात पाच मिनिटं उभं राहा, एम.एच. १९ आणि एम.एच. २० या दोन्ही पाट्यांच्या गाड्या सारख्याच संख्येनं जाताना दिसतील. सोयगाव तालुक्यातल्या पायथ्याच्या गावांचा बाजार, दवाखाना, सोयरीक सगळं खानदेशाकडे, आणि जिल्हा कचेरीचे कागद मात्र घाटावरच्या जिल्ह्यात. कवी ना. धों. महानोर यांचं पळसखेडे असंच हद्दीवरचं गाव: जिल्हा मराठवाड्यातला, शाळा शेंदुर्णीची, कॉलेज जळगावचं. त्यांच्या कवितेतली बोली मराठवाड्याची की खानदेशाची, असा वाद घालणाऱ्यांनी एकदा या रस्त्यानं जावं.

आणि मुक्कामाची परंपरा म्हणाल तर ती इथं लॉजपेक्षा फार जुनी आहे. बऱ्हाणपूर ते औरंगाबाद हा मुघलांचा हमरस्ता याच भागातून घाट चढायचा. घाट चढण्याआधी एक रात्र विसावा लागे, म्हणून फर्दापूरला सराई बांधली. तिच्या वेशी आजही उभ्या आहेत. घाटावर अजिंठा गावाला १७२७ मध्ये निजामानं तटबंदी घातली. १८०३ च्या सप्टेंबरात असईची लढाई झाली, तेव्हा इंग्रज सेनापती वेलस्लीनं आपले जखमी ठेवले ते या अजिंठा गावात, आणि पुढच्या महिन्यातल्या त्याच्या पत्रांवर फर्दापूरच्या छावणीचं नाव येतं. १९०९ नंतर लेडी हेरिंगहॅम नंदलाल बोस, असितकुमार हालदार अशा तरुण चित्रकारांना घेऊन लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला आल्या, त्यांचा तळही फर्दापूरलाच. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी चित्रकारांचा काफिला घेऊन आले आणि १९३२ मध्ये त्यांनी अजिंठ्यावर सचित्र ग्रंथ काढला. या चित्रकारांना खानदेशातून येणं सोयीचं होतं, कारण लेण्यांना जवळची रेल्वे खानदेशात होती.

त्या रेल्वेचं शेवटचं टोक पहूरच्या अंगणात आलं ते १९१८-१९ च्या सुमारास. पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची छप्पन्न किलोमीटरची गाडी, लोकांच्या तोंडी ‘पी.जे.’. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा करत ती जामनेरला पोचायची. ती धावत होती तोवर लेण्यांना सर्वांत जवळचं स्टेशन पहूर होतं. मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत ती थांबली आणि पुन्हा निघाली नाही. तिच्या जागी रुंद रुळांचा मार्ग बोदवडपर्यंत न्यायचं मंजूर झालं आहे. अजूनही काही जुन्या माहितीपत्रकांत ‘पाचोऱ्याहून छोट्या गाडीनं पहूर’ असं छापलेलं सापडतं. त्यावर विसंबून पाचोऱ्याला उतरू नका. उतरलातच तर बस आहे.

आता मुख्य प्रश्न: झोपायचं कुठं?

माझं मत सरळ आहे. एका दिवसात फक्त लेणी पाहायची आणि परत फिरायचं असेल, तर पहूरला राहण्यात अर्थ नाही. तुम्ही फर्दापूरला राहा. लेणी नऊला उघडतात. खासगी गाड्या फर्दापूरजवळच्या टी-पॉइंटवर थांबवतात आणि तिथून चार किलोमीटर एस.टी.च्या बसनं जावं लागतं. साडेनऊच्या आत आत शिरलेल्या माणसाला पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यातली चित्रं जरा मोकळेपणानं बघता येतात. अकरानंतर सहलींच्या बस येतात आणि पद्मपाणीच्या चित्रासमोर रेटारेटी सुरू होते. तेव्हा पहाटेचे पंधरा-सतरा किलोमीटर वाचवणं शहाणपणाचं. फर्दापूरला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान आहे, त्याचं आरक्षण महामंडळाच्या संकेतस्थळावर होतं. दिवाळीची सुटी, नाताळ, जोडून आलेल्या सुट्या अशा दिवसांत ते आधीच भरतं.

बरोबर लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, रात्री-अपरात्री डॉक्टर लागेल अशी धास्ती आहे, किंवा खोलीत लिफ्ट, गरम पाणी, चांगली खाट यांत तडजोड नको आहे, अशांनी जळगावलाच राहावं आणि गाडी करून यावं. साठ किलोमीटरचा रस्ता आहे, सकाळी लवकर निघालं तर दगदग होत नाही. यात कमीपणा काही नाही.

मग पहूर कुणासाठी? ज्याला लेण्यांबरोबर हा हद्दीवरचा मुलूख बघायचा आहे त्याच्यासाठी. शेंदुर्णी, वाकोद, फर्दापूर, जामनेर, सगळं पहूरहून अर्ध्या-पाऊण तासाच्या टापूत येतं. संशोधक, विद्यार्थी, मोटरसायकलवर निघालेली तरुण मंडळी, आपल्या आजोळचं गाव शोधायला आलेली पुण्या-मुंबईची माणसं, शेतीच्या किंवा कापसाच्या कामानं आलेले लोक, यांना पहूरसारखी जागा नाही. पण अपेक्षा बेताची ठेवा. इथं हॉटेलांची रांग नाही. पहूरला मनासारखी खोली मिळाली नाही तर जामनेर पंधरा किलोमीटरवर आहे, तालुक्याचं गाव आहे. एवढा पर्याय मनात धरूनच निघावं.

फोनवरच्या आरक्षणाच्या ॲपांबद्दल एक इशारा. त्यात ‘अजिंठ्याजवळ’ म्हणून शोधलं तर संभाजीनगरची हॉटेलं वर येतात, म्हणजे शंभर किलोमीटर लांबची. अजिंठा गावातली सोय आणि लेण्यांजवळची सोय यांतही गल्लत होते. अजिंठा गाव घाटाच्या माथ्यावर, लेण्यांपासून दहा-बारा किलोमीटर आहे, आणि पावसाळ्यात घाटात ट्रक अडकला की हे अंतर तासांत मोजावं लागतं. पैसे भरण्याआधी हॉटेलला स्वतः फोन करा आणि ‘फर्दापूर फाट्यापासून किती?’ एवढंच विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर समजून जा.

पहूरसारख्या गावात लॉज शोधायचा तो ॲपवर नाही, माणसांकडून. लॉज असतात ते स्टँडच्या आणि महामार्गाच्या आसपास; बऱ्याचदा खाली हॉटेल किंवा दुकान आणि वर चार-सहा खोल्या. स्टँडवर एस.टी.चा कंट्रोलर, औषधाच्या दुकानाचा मालक, पेट्रोल पंपावरचे लोक यांना विचारा. औषधवाला सगळ्यांत खात्रीचा, कारण त्याच्याकडे कंपन्यांचे प्रतिनिधी येतात आणि ते कुठं उतरतात हे त्याला ठाऊक असतं. विचारताना ‘भाऊ, फॅमिलीसारखी खोली कुठं मिळंन?’ असं विचारा. ‘फॅमिली’ या शब्दानं निम्मी छाननी होते. ज्या लॉजवर खाली रात्रभर बाटल्या वाजतात त्याचं नाव मग कुणी सांगत नाही. तुम्हाला उलट विचारलं जाईल, ‘कोणाकडचे पाहुणे?’ ही चौकशी भोचकपणाची नव्हे. जामनेर-पाचोऱ्याकडचं कुणी ओळखीचं असेल तर त्याचं नाव सांगा. खोलीचा भाव त्यानं कमी होईलच असं नाही, पण खोली दाखवणाऱ्याचा सूर बदलतो.

खोली बघितल्याशिवाय होकार देऊ नका. गाद्या-चादरी बघाल हे गृहीत धरतो. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे मजला. खानदेशातली जुनी घरं धाब्याची, वर मातीचा थर. उन्हाळ्यात आत गारवा राहायचा. लॉज मात्र सिमेंटच्या स्लॅबचे असतात. एप्रिल-मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि दिवसभर तापलेला स्लॅब पहाटेपर्यंत गरम वाफ सोडतो. सर्वांत वरच्या मजल्यावरची खोली फुकट दिली तरी त्या दिवसांत घेऊ नका. कूलर असेल तर त्यात पाणी कोण भरणार आणि रात्री वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा तरी चालतो का, हे विचारा. दुसरं, खिडकी. महामार्गाकडे तोंड असलेली खोली दिसायला हवेशीर वाटते, पण कापसाचे ट्रक आणि रात्रीच्या खासगी बस तिथं झोपू देणार नाहीत. मागच्या बाजूची मागून घ्या. तिसरं, नळ स्वतः सोडून पाहा. टाकीत पाणी चढवण्याची वेळ ठरलेली असते आणि सकाळी सहाला निघायचं असेल तर आदल्या रात्री बादली भरून ठेवणं उत्तम. गरम पाणी लागत असेल तर गिझर आहे का की बादलीनं वर आणून देतात, तेही तेव्हाच. पिण्याचं पाणी बाटलीचं किंवा जारचं. डासांसाठी आपली सोय आपण न्यावी. पावसाळ्यात वाघूरकाठी त्यांचा तोटा नसतो.

भाडं ठरवताना वेळेचा हिशेब आधी करा. लहान गावातल्या बऱ्याच लॉजवर चोवीस तासांचा दिवस धरतात, म्हणजे रात्री आठला आलात तर दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत खोली तुमची. लेणी बघून येऊन आंघोळ करून निघणाऱ्याला ही पद्धत फार सोयीची. काही ठिकाणी मात्र बारा वाजता खोली सोडावी लागते. भाव करायला हरकत नाही. घासाघीस मात्र नको. आणि पावती मागा. मागितली नाही तर कुणी देत नाही.

कागदपत्रांशिवाय खोली मिळत नाही, आणि मिळाली तर तो लॉज सोडा. वहीत नाव, पत्ता, कुठून आलात, कुठं जाणार हे लिहावं लागतं. पोलिसांना ती वही कधीही पाहता येते. आधारची झेरॉक्स वाटत फिरण्यापेक्षा वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र द्यावं. आधारच द्यायचं तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्यावी. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांना घेऊन येणार असाल तर आणखी एक गोष्ट. परदेशी पासपोर्टवर आलेला पाहुणा उतरला की मालकाला त्याची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन शासनाला कळवावी लागते. लहान लॉजवाले या कटकटीला घाबरतात आणि सरळ ‘खोली नाही’ म्हणतात. त्यात अपमान मानू नका. अशा पाहुण्यांची व्यवस्था फर्दापूरच्या महामंडळाकडे किंवा जळगावला करावी, तिथं हे काम सरावाचं आहे.

एकट्या बाईनं पहूरला राहावं का, असं मला विचारलं तर पहिल्या खेपेला नको असं सांगेन. गाव वाईट म्हणून नव्हे. हायवेवरच्या लॉजवर मुक्कामाला असतात ते बहुतेक पुरुष आणि रात्री काउंटरवर एक पोरगा, एवढंच त्याचं कारण. कामासाठी राहायचंच असेल तर मालकाचं कुटुंब त्याच इमारतीत राहतं असा लॉज शोधावा, काउंटरजवळची खोली घ्यावी, आतली कडी स्वतः लावून बघावी. शाळा, बँक किंवा आरोग्य केंद्रात नोकरी करणाऱ्या बायका गावात भाड्यानं राहतात. कामानं आलेल्या बाईला त्यांच्याकडून मिळणारी माहिती कोणत्याही यादीपेक्षा खरी.

सरकारी विश्रामगृहाचा विचार बरेच जण करतात. ती सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, त्यांच्या कार्यालयात आधी अर्ज करावा लागतो आणि सरकारी कामानं आलेल्यांचा हक्क पहिला. मंत्री किंवा साहेब यायचे ठरले की तुमची खोली गेली. ज्याच्या हातात दुसरी सोय तयार आहे त्यानंच या वाटेला जावं.

वीस-पंचवीस जणांची सहल असेल तर लॉजचा नाद सोडा आणि मंगल कार्यालय बघा. स्वच्छतागृहं, पाणी, स्वयंपाकाची जागा, गाड्या लावायला मैदान, सगळं एकाच जागी मिळतं. अट एकच: पंचांग. लग्नाची तिथी असेल त्या दिवशी कार्यालय मिळणार नाही, आणि आसपासचे लॉजही वऱ्हाडानं भरलेले असतील. तुळशीच्या लग्नानंतरचे आणि वैशाख-ज्येष्ठातले दिवस ठरवण्याआधी घरातल्या कुणा जाणत्याला तिथी विचारा.

जेवणाची काळजी नको. शेवभाजी, पाटोड्यांची भाजी, दाल-बट्टी कोणत्याही बऱ्या ढाब्यावर मिळते. काळ्या मसाल्याचा झणका सोसत नसेल तर ऑर्डर देतानाच ‘तिखट बेतानं’ म्हणा, नंतर म्हणून उपयोग नाही. डिसेंबर-जानेवारीत आलात आणि भरीत न खाता गेलात तर येणं फुकट. हिरव्या वांग्यांचं, काट्याकुट्यांवर भाजलेलं, लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर ठेचलेलं; सोबत कळण्याची पुरी किंवा भाकरी. हॉटेलात मिळतं त्याला मी भरीत म्हणायला तयार नाही. ते खरं शेतात होतं. ओळख झालेल्या माणसानं ‘चला, मळ्यात भरीत आहे’ म्हटलं तर बाकीचा कार्यक्रम रद्द करा. रात्री उशिरा पोचणार असाल तर मात्र आधी जेवून घ्या किंवा लॉजवाल्याला फोन करून ताट सांगून ठेवा. दहाच्या पुढं गावातल्या चुली विझलेल्या असतात.

दिवस कसे लावावेत? मी सोमवार मधे धरतो. सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद असतात, त्यामुळं रविवारच्या रात्री इकडच्या खोल्या मोकळ्या होतात. तो सोमवार लेण्यांबाहेरच्या गोष्टींना द्यावा. शेंदुर्णीला त्रिविक्रमाचं मंदिर आहे. खानदेशातले लोक शेंदुर्णीला प्रतिपंढरपूर मानतात आणि कार्तिकात तिथं रथ निघतो. त्या दिवसांत गर्दी बघायची हौस असेल तर जरूर जा, पण मुक्कामाची जागा आधी पक्की करा. वाकोद हे जैन उद्योगसमूहाच्या भवरलाल जैनांचं जन्मगाव. इथल्या शेतांतलं ठिबक बघून पुढं जळगावला त्यांनी उभारलेलं गांधीतीर्थ बघितलं की एका माणसाचा प्रवास पुरा दिसतो. फर्दापूरच्या सराईच्या वेशीशी थांबणारा पर्यटक मला क्वचित दिसला आहे. अर्धा तास द्या, कारण मुघल काळातला प्रवासी कुठं उतरायचा हे समोर दिसतं. घाट चढून अजिंठा गावात गेलात तर मेजर रॉबर्ट गिल राहायचा ती बारादरी आणि १८५६ मध्ये वारलेल्या त्याच्या प्रेयसीची, पारोची, कबर आहे. गिल १८४४ पासून वर्षानुवर्षं लेण्यांतली चित्रं उतरवत राहिला आणि त्यांतली बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. तो स्वतः १८७९ मध्ये गेला. त्याची कबर भुसावळला, म्हणजे हद्दीच्या अलीकडे. दोघं एकमेकांपासून एका राज्याच्या अंतरावर पुरलेले आहेत.

ऋतूचं सांगायचं तर जुलैअखेर ते सप्टेंबर हा काळ सर्वांत देखणा. वाघूरचा धबधबा लेण्यांच्या टोकाशी सात कुंडांतून उतरतो आणि डोंगर हिरवागार असतो. घाटातली कोंडी आणि चिखल तेवढा सोसावा लागतो. थंडी सगळ्यांना मानवते, फक्त लॉजच्या चादरीवर विसंबू नका, एक शाल जवळ ठेवा. उन्हाळ्यात या भागात फिरायला येऊ नये असंच मी सांगतो. लेण्यांच्या कड्यावर दुपारी बारा वाजता उभं राहिलेल्या माणसाला त्याचं कारण विचारावं लागत नाही.

अडीअडचणीची तयारी हद्दीच्या गावात थोडी जास्त हवी. पहूरचं पोलीस ठाणं जळगाव जिल्ह्यात, फर्दापूरचं संभाजीनगर ग्रामीणमध्ये. वाकोदच्या पुढं गाडीतून बॅग गेली तर ती कोणाच्या हद्दीत गेली यावर वेळ जाऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते आणि ते ठाणं ती पुढं पाठवतं. तेव्हा ‘आमच्याकडे येत नाही’ असं ऐकून परत फिरू नका, हे कलम १७३ मध्ये आहे असं शांतपणे सांगा. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. पहूरला ग्रामीण रुग्णालय आहे; गंभीर दुखणं असेल तर वेळ न घालवता जळगाव गाठावं. रोख पैसे थोडे जवळ ठेवा, फोनवरून पैसे देणं सगळीकडे चालतं, पण नेटवर्क डोंगराजवळ दगा देतं.

आणि खोली ठरवलीत, पण बेत बदलला, तर एक फोन करून कळवा. चार-सहा खोल्यांच्या लॉजला एक न आलेला पाहुणाही जाणवतो, आणि रात्री फाट्यावर उतरलेल्या दुसऱ्या कुणाला तीच खोली मिळते.